मधली तार

मधली तार वाजली. वाजायला नको होती.

तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने पुन्हा पेडलवर पाय रोवला, पट्ट्यांच्या वरच्या फटीतून वाकडा आकडा आत घालून हातोडा हलकेच वर ढकलला, तो तारांना टेकल्याचं बोटांना कळल्यावर तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या नखाने तिन्ही तारा एकेक करून छेडल्या. डावी म्हणाली ठक्. उजवी म्हणाली ठक्. मधली मात्र गात राहिली, कोणी अडवलेलंच नाही अशी. पियानोच्या वरच्या, चढ्या सुरांच्या भागात एकेका सुरासाठी अशा तीन-तीन तारा असतात, शेजारी शेजारी, एकाच सुरात लावलेल्या. खालून नमद्याने, म्हणजे दाबलेल्या लोकरीने, मढवलेला हातोडा येतो आणि तिघींना एकाच क्षणी लागतो, म्हणजे लागायला हवा. तो नीट टेकवून धरला तर तिघींची बोलती बंद व्हायला पाहिजे. जी गाते तिला हातोडा पोचलेलाच नसतो, आणि मग पट्टी वाजवल्यावर ती तार जरा मागून, जरा कुरकुरत सामील होते आणि आवाज नाकातून येतो. गप्प बसणं म्हणजे बरोबर आणि गाणं म्हणजे बिघाड, हे उलटं शास्त्र तिने लहानपणीच शिकून घेतलं होतं आणि घरात त्याचा तिला बराच उपयोगही झाला होता. तिने पुढचा सूर घेतला. मधली. त्याच्या पुढचा घेतला. पुन्हा मधली. मग तिने आकडा काढून मांडीवर ठेवला आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली.

सभागृहात सकाळी कोणी नसायचं. सफाईवाली बाई मागच्या रांगांमधून झाडू फिरवत होती आणि दर चार खुर्च्यांनी एक सीट धाडकन खाली पाडत होती. हा पियानो बाबांनी तीसेक वर्षं सांभाळला होता. त्याचे पाय फार जाड म्हणून त्याला ते 'मावशी' म्हणत. 'आज मावशीकडे जायचंय', 'मावशीला दमट हवा सोसत नाही', असं घरात इतकं चालायचं की तिला बरीच वर्षं खरोखरच अशी एक मावशी आहे असं वाटत होतं, आणि ती आपल्याला कधी खाऊ का आणत नाही याचं वाईटही वाटायचं. गेल्या महिन्यात बाबांनी अचानक जाहीर केलं की गुडघे साथ देत नाहीत, मावशीचं आता तू बघ. त्यांनी इतर कामं केव्हाच सोडली होती, ही एकच धरून ठेवली होती, म्हणून तिला नवल वाटलं होतं. पण नवल करत बसायला वेळ नव्हता, कारण लगेच व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, तुमच्या कानावर असेलच. आमच्या पियानो वाजवणाऱ्या बाई म्हणतात, वरचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतोय. मास्तर वर्षभर येऊन येऊन तेच तर ठीक करत होते हो. मी काय बोलणार त्यांना? पण शनिवारी बाईंचा कार्यक्रम आहे." बाबांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी कोणाला शिकवलं नव्हतं, शिकवलं फक्त तिला.

तिने पुढची फळी काढली आणि आतलं सगळं यंत्र, पट्ट्या, दांडे, हातोडे, मोठ्या ड्रॉवरसारखं ओढून शेजारच्या टेबलावर घेतलं. हातोडे उजेडात आल्यावर तिच्या तोंडून 'अरे देवा' निघालं ते इतक्या मोठ्याने की सफाईवाली थांबली. वरच्या भागातल्या हातोड्यांची टाळकी सुयांनी नुसती पिंजून काढली होती. नमदा फुलून आला होता, जुन्या स्वेटरच्या कोपरासारखा. आवाज टणक झाला की हातोड्याच्या खांद्यांवर, म्हणजे टाळक्याच्या दोन्ही बाजूंना, सुई टोचून नमदा जरा सैल करायचा, हे या धंद्यात सगळेच करतात. पण खांद्यावर. टाळक्यावर, जिथे तार लागते तिथे, सुई न्यायची नाही, आणि नेलीच तर देवाचं नाव घेऊन एकदा. हे बाबांचं वाक्य. आणि त्याच्याही आधीचं, रोज सकाळी दात घासण्याइतकं नेमाचं वाक्य म्हणजे 'आधी तारा, मग हातोडे'. आवाज वाईट आला की माणूस आधी सुई उचलतो, कारण सुई उचलणं सोपं. तारा वर-खाली असतील तर हातोड्याला टोचून काय उपयोग? तो बिचारा आपला जागच्या जागी बरोबर असतो. ती नवशिकी असताना एकदा तारा न बघता सुई घेऊन बसली होती, तेव्हा बाबांनी सुया बसवलेली लाकडी मूठ तिच्या हातातून काढून घेतली आणि माळ्यावर टाकून दिली. ती रडली, आई मध्ये पडली, पण मूठ खाली यायला पावसाळा उलटावा लागला. 'तार चुकली तर पुन्हा ओढता येते. नमद्याला टोचलं की टोचलं,' असं ते तिला नाही, आईला म्हणाले होते.

आणि हे त्याच माणसाचं काम होतं. ओळखू न येण्यासारखं काही नव्हतंच. बाबांची टोचणी जरा डावीकडे कललेली असायची, इतक्या वर्षांत ती बदलली नव्हती. तिने एक हातोडा अंगठ्याने दाबून पाहिला. त्याच्या टाळक्यावर तारांच्या तीन खाचा असायला हव्या होत्या. दोन होत्या, खोल, काळपट. मधली जेमतेम, पेन्सिलने ओढून खोडल्यासारखी. शेजारच्या हातोड्यावर तेच, त्याच्या शेजारच्यावर तेच. मग तिने हातोडे सोडून तारांकडे मोर्चा वळवला. तिच्याकडे बोटभर लांबीची पाणसळ होती, आत हिरवट पाण्यात एक बुडबुडा. ती तिने तारांवर आडवी ठेवली. डावी आणि मधली यांच्यावर ठेवली की बुडबुडा एकीकडे धावायचा, मधली आणि उजवी यांच्यावर ठेवली की उलटीकडे. म्हणजे मधली वर चढलेली. तिच्या टोकाशी आकड्याने ओढल्याची खूण होती, नीट जिथे असायला हवी तिथे, सफाईदार, सवयीच्या हाताची. त्या सगळ्या भागात एकही सूर सुटला नव्हता. प्रत्येक सुरातली मधली तार तेवढीच वर ओढलेली.

पहिल्यांदा तिला राग आला. साधा, कानशिलं तापवणारा राग. इतकी वर्षं आपल्याला दमात घेतलं आणि स्वतः हे करून ठेवलं. आणि त्या रागाच्या आत, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता. सापडलात. गेली दोन-तीन वर्षं घरात या माणसाने तिला जीव नकोसा केला होता. भांडं जागेवरून हललं की ओरडा. पेपर बंद करायला लावला, त्यात ठेवलंय काय म्हणून. ती काही वाचत असली की दिवा लावू नको, डोळ्यांवर येतो. जिन्यात शेजारीण हसली तर ओळख न दाखवता पुढे. ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. प्रत्येक वेळी एक चिमटा, एक टोमणा, कधी जेवताना, कधी भावाला फोनवर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. 'आमच्याकडे काय, रोज नवीन फर्मान.' टोचलं की दोन दिवस जरा मऊ यायचे, मग पुन्हा तेच. तिचा नवरा घर सोडून जाताना म्हणाला होता की तू माणसालाही उघडून दुरुस्त करायला बघतेस. तेव्हा ते तिला फार लागलं होतं. हल्ली बाबांना टोमणा मारल्यावर कधी कधी आठवायचं, पण तोवर टोमणा मारून झालेला असायचा.

तिने घड्याळ न बघता डबा उघडला आणि रंगमंचाच्या पायरीवर बसून खायला लागली. राग ओसरला तशी ती तारांची गोष्ट काही डोक्यातून जाईना. निष्काळजीपणे काम केलं तर तारा कशाही होतात, एक वर, एक खाली, काही चुकून बरोबर. हात थरथरला तर तार वेडीवाकडी ओढली जाते. इथे दोन्ही नव्हतं. चूक नेमाने केलेली होती. चूक मन लावून केलेली होती. बाबांनी इथे खुर्ची ओढून बसून, चष्मा पुसून, पोलादी पट्टी तारांवर धरून, पट्टी आणि तारा यांमधली उजेडाची फट बघत एकेक मधली तार वर घेतली होती. पाणसळीवर त्यांचा कधी विश्वास नव्हता कामात, ती घरासाठी. कामात डोळा. आणि घरात मात्र पाणसळ इतकी, की कपाट, फ्रिज, भिंतीवरचे फोटो, सगळं त्या बुडबुड्याखालून गेलेलं. आई म्हणायची, "मला पसंत केलं तेव्हासुद्धा आधी डोक्यावर पाणसळ ठेवून बघितली असेल यांनी." आई गेल्यावर एकदा पॅसेजमधला तिचाच फोटो तिरका झालेला होता, कित्येक दिवस. बाबा त्याखालून येत-जात होते. तिने तो गुपचूप सरळ केला होता आणि मनाशी म्हटलं होतं, सैल पडले बाबा, दुःखाने माणूस सैल पडतो. तिला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली होती. पुढे थोड्याच दिवसांनी ते सुताराचं प्रकरण झालं आणि माया आटली.

बाथरूमचं दार कुजलं म्हणून नवीन चौकट बसवली होती. सुतार भला माणूस, पैसे घेऊन निघाला होता, तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि चौकट बघून भडकले. वाकडी आहे म्हणे. मध्ये पोट आलंय म्हणे. सुतार चक्रावला, त्याने दोरी लावून दाखवली. बाबा म्हणाले, दोरीच ढिली आहे. शेवटी तिने घरातली मोठी पाणसळ आणून चौकटीला लावली, बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. "बघा." बाबांनी बघितलं नाही. बाजूला तोंड करून म्हणाले, "पाणसळ बिघडलीय." सुतार तिच्याकडे बघून हसला, कीव आल्यासारखा, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर तिने बाबांना ऐकवलं, भरपूर ऐकवलं. एकदा चुकलो म्हणालात तर आभाळ कोसळणार आहे का, इथपर्यंत. ते खुर्चीत बसून त्या चौकटीकडे बघत राहिले, मग मान जरा तिरकी करून बघितलं, मग एक डोळा मिटून.

घास तिच्या हातात राहिला. एक डोळा मिटून. ते तिने पाहिलं होतं, अगदी स्वच्छ पाहिलं होतं, आणि म्हटलं होतं, नाटकं. ती उठली आणि पियानोपाशी गेली. बाबांच्या खुर्चीच्या उंचीला डोळे आणून तिने पोलादी पट्टी तारांवर धरली. तिला तीन तारा दिसत होत्या, सरळ. त्यांना मधली खाली गेलेली दिसली असणार. पुढच्या सुरावर गेले की तिथलीही मधली खाली. ते जिच्याकडे बघत तीच खाली जात असणार, म्हणून त्यांनी ती वर घेतली, दिसायला सरळ येईपर्यंत, तेवढीच, प्रत्येक वेळी तेवढीच. राग कुठल्या कुठे गेला. तिला रडूही आलं नाही. भीती वाटली. पेपर, दिवा, शेजारीण, भांड्यांच्या जागा, सगळं एकामागून एक तिच्यापुढे येऊन उभं राहिलं आणि त्यातलं एकही नवीन नव्हतं. सगळं रोज घरात समोर होतं. तारा कोणी बघितल्याच नव्हत्या. ती आपली वर्षानुवर्षं सुई घेऊन बसलेली.

व्यवस्थापक मागून येऊन उभे राहिले होते. पिंजलेल्या हातोड्यांकडे त्यांनी बघितलं, पण त्यांना त्यातलं कळत नव्हतं. "काही सापडलं का ताई?"

"तारा वर-खाली झाल्यात."

"अशा आपोआप?"

"होतं कधी कधी," ती म्हणाली आणि यंत्र आत ढकलायला लागली. "मी आज जरा लवकर निघते."

घरी बाबा ओट्यापाशी उभे होते, चहा उकळत होता. "लवकर आलीस," ते म्हणाले. ती आली आहे हे त्यांनी वळून बघितलं नव्हतं, चपलांवरून ओळखलं होतं. तिला चहा हवा का हे विचारलं नाही, दुसरा कप घेतला. मग त्यांनी चहा ओतला आणि ती बघत राहिली. ते कपाकडे बघत नव्हते. तोंड खिडकीकडे होतं, कान जरा खाली झुकलेला. कप भरत आला की ओतण्याचा सूर चढत जातो, हे तिला लहानपणी त्यांनीच ऐकवलं होतं, ओट्यावर बसवून. 'आता थांबू? आता? आता?' आणि ती ओरडायची, 'आत्ता!' ही गोष्ट ती लोकांना हौसेने सांगायची, की आमचे बाबा चहासुद्धा कानाने ओततात. लोक हसायचे. आताही चहा काठाच्या खाली बरोबर थांबला, थेंब सांडला नाही.

"मावशी काय म्हणते?" त्यांनी कप तिच्या दिशेने सरकवला.

"मधल्या तारा वर आहेत बाबा."

"किती?"

"वरच्या भागातल्या सगळ्या."

"सगळ्या कशा असतील!" हा नेहमीचा आवाज होता, खेकसणारा. मग तो खाली आला. "खाली गेल्या होत्या. मी वर घेतल्या."

"खाली गेल्या नव्हत्या."

यानंतर एरवी तिच्याकडे तयार वाक्यं होती, एकाहून एक टोकदार. ती गिळून तिने बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं, मग लक्षात येऊन बोट खाली घेतलं. "ती चौकट. अजून वाकडी दिसते?"

"वाकडीच आहे ती." बाबांनी कप उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि गाडी ऐकत नव्हती. "वर बघितलं की वर फुगते. खाली बघितलं की खाली. जिथे बघीन तिथे. एवढा हुशार नव्हता तो सुतार."

तिला हसू आलं. "कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हा नव्हतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगून? तू त्याच दिवशी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली असतीस." तिने टाकली असती. दोघांनाही ते माहीत होतं. "गुडघे ठणठणीत आहेत माझे. जिने कसे चढतो बघतेस ना? पण डोळे म्हटलं की संपलं. आंधळा माणूसही सूर लावतो, त्याचं कौतुक होतं. तारा सारख्या करायला कोण बोलावतो त्याला?" मग ते एकदम पुढे झुकले. ही गोष्ट कोणाला तरी सांगायची फार दिवस राहिली असावी. "ऐकायला येत होतं गं मला. आवाज बिघडतोय हे मला बाईंच्या आधी कळलं होतं. म्हणून तर टोचत होतो. टोचलं की मऊ यायचा, चार दिवसांनी पुन्हा नाकात. पुन्हा टोचायचो. तारांकडे परत बघायचं कारणच नव्हतं, तारा मी आधी केल्या होत्या ना. आधी तारा, मग हातोडे. नियम नाही मोडला मी."

"नाही मोडलात," ती म्हणाली. तिला त्यांचा हात धरावासा वाटला, पण त्या घरात ती सवय नव्हती. तिने त्यांचा कप त्यांच्या हाताजवळ सरकवला. "मग काम मला का दिलंत? मला सगळं कळणारच होतं."

"तुला दिसेल म्हणूनच दिलं."

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. ती म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या? शनिवारी कार्यक्रम आहे. आधी मावशीचं पुरं कर."

"नाही. आधी डोळे."

मग त्यांनी चहा प्यायला, थंड झालेला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने बाबांपुढे चौकटी आखलेला कागद धरला, एक डोळा झाकून बघायला सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "कोणी आखल्यात या रेघा? पट्टी नव्हती का घरात?" ती हसली, मग आत बघायच्या यंत्रापाशी गेल्यावर हसायची थांबली. उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं ते गेलं, तिने सांगितलं, ते परत यायचं नाही. डावा अजून धरून ठेवता येईल, दर थोड्या दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागेल, डोळ्यातच. दोन वर्षं आधी आला असतात तर, एवढं म्हणून दोघांचे चेहरे बघितल्यावर तिने इंजेक्शनचा कागद लिहायला घेतला. बाबांना सुईचं सांगितल्यावर त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "म्हणजे आता मलाच टोचणार," ते म्हणाले, पण विनोद काही जमला नाही, आवाज कोरडा पडला. इंजेक्शनसाठी त्यांना आत नेलं आणि मुलगी बाहेर बाकावर बसून राहिली. आतून काही आवाज आला नाही. दोन वर्षं, ती मनात मोजत नव्हती, पण सुताराचं प्रकरण तेव्हाचंच होतं. एक डोळा मिटून त्यांनी चौकट पाहिली तेव्हा ती समोर उभी होती, हातात चांगली चालणारी पाणसळ घेऊन. ही चूक आता कोणी तिच्याकडून काढून घेऊ शकणार नव्हतं, आणि तिने ती तशीच राहू दिली.

शुक्रवारी बाबा तिच्याबरोबर सभागृहात आले, डाव्या डोळ्यावर पट्टी, हात तिच्या खांद्यावर. व्यवस्थापक लगबगीने पुढे आले. "अहो मास्तर, हे काय? तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"मावशीचे हातोडे मी खराब केले," बाबा म्हणाले. "तारा चुकीच्या ओढल्या. मला दिसत नव्हतं. हिने तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल तर ते माझ्यासाठी सांगितलं."

"असू द्या हो, वय झालं की—"

"वयाचं काही नाही. तार वर होती."

व्यवस्थापक खुर्ची आणतो म्हणून गेले आणि खरंच खुर्ची घेऊन आले. बाबा पियानोच्या कडेला बसले. ती तारांवर वाकली. एकदा वर चढलेली तार खाली बसवणं कठीण असतं, ती पुन्हा पुन्हा वर येते. त्यापेक्षा तिच्या दोन्ही बाजूच्यांना वर उचलून तिच्या बरोबरीला आणणं बरं. तिने डावीखाली आकडा घालून ओढली, मग उजवी, पाणसळ ठेवली, पुन्हा डावी किंचित. बुडबुडा मध्ये येऊन थांबला. मग तिने सूर परत लावला, पेडल दाबलं, हातोडा टेकवून धरला आणि छेडायला लागली. बाबांनी मान खाली घातली होती.

"मधली?"

"गप्प."

"उजवी?"

"उजवी जरा बोलतेय. श्वासाएवढी." तिला ऐकू आली नव्हती. तिने उजवी बघितली, पाणसळीलाही शंका होती. एक हलकासा ओढा. "आता?"

"आता तिघी गप्प."

असं दुपारपर्यंत चाललं. तिचे डोळे, त्यांचे कान, मध्ये फार बोलणं नाही. एकदा ते म्हणाले, पाठ दुखत असेल तर थांब, आणि ती नाही म्हणाली. एकदा ती म्हणाली, पट्टीखाली खाजतंय का, आणि ते म्हणाले, खाजतंय. शेवटचा सूर झाल्यावर तिने वरच्या सगळ्या पट्ट्या एकामागून एक वाजवल्या. नाकातला आवाज गेला होता. सर्दी गेली होती, पण घसा बसलेलाच होता. आवाज सरळ होता, स्वच्छ, आणि हळू, पिंजलेल्या नमद्याचा. शनिवारी बाईंना तो असाच वाजवावा लागणार होता. काही हातोडे बदलावे लागतील, बाकीच्यांचे निदान खांदे अजून शाबूत होते. तिथे थोडं काम केलं तर आवाज अजून जुळून येईल असं तिला वाटलं. सवयीने तिचा हात पेटीत गेला आणि सुयांची मूठ बाहेर आली. तीच जुनी, एकेकाळी माळ्यावर टाकलेली. मूठ पेटीतून निघाल्याचा आवाज बाबांनी ओळखला असावा, कारण त्यांनी तळहात पुढे केला. तिला वाटलं, त्यांना स्वतः करायचंय. क्षणभर ती घुटमळली, आणि मग तिने मूठ त्यांच्या हातात दिली, काय व्हायचं ते होवो म्हणून.

बाबांनी मूठ बोटांत फिरवून पाहिली, सुयांना टोपण लावलं आणि ती आपल्या खिशात टाकली.

"पुरे टोचलं," ते म्हणाले. "आता थोडे दिवस नुसतं वाजू दे."